केबल तुटली तरी नेट चालू, केबल शाबूत तरी नेट गायब

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तांबड्या समुद्रात, जेद्दाजवळ, समुद्रतळावरच्या काही इंटरनेट केबल तुटल्या. आशिया आणि युरोप यांच्यातली डेटाची बरीचशी ये-जा याच चिंचोळ्या समुद्रातून होते. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउड ग्राहकांना वेळ जास्त लागेल असं कळवलं, अनेक देशांत नेट संथ झालं. पण बंद पडलं नाही.

आता ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. त्या दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी जगभरातून गायब झाले आणि सुमारे सहा तास परतले नाहीत. त्या दिवशी समुद्रात काही तुटलं नव्हतं, कुणी हल्ला केला नव्हता आणि ही तिन्ही चालवणाऱ्या फेसबुक कंपनीचे सर्व्हर, म्हणजे माहिती साठवून मागणाऱ्याला पाठवणारे कॉम्प्युटर, व्यवस्थित चालू होते.

तार तुटल्यावर चालतं आणि तार शाबूत असताना बंद पडतं, हे उफराटं वाटतं खरं. पण कॉम्प्युटर नेटवर्कबद्दलची एक गोष्ट नीट पटली की दोन्ही घटना समजतात. ती अशी, की नेटवर्क कसलीच हमी देत नाही. ‘जमलं तर पोचवतो’ एवढंच त्याचं म्हणणं असतं. हमीचं काम दोन्ही टोकांच्या यंत्रांनी, म्हणजे तुमच्या फोनने आणि पलीकडच्या सर्व्हरने, आपसात उरकायचं असतं. मधल्या यंत्रांनी फार शहाणपणा करायचाच नाही असं मुद्दाम ठरवलेलं आहे, आणि माझ्या मते इंटरनेट एवढं पसरलं त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

तुकडे कशाला करायचे?

जुन्या टेलिफोनमध्ये फोन लागला की दोन माणसांमधली अख्खी वाट त्यांच्यासाठी राखून ठेवली जायची. दोघं गप्प बसले तरी ती वाट दुसऱ्या कुणाला मिळत नसे. माणसांच्या बोलण्याला हे परवडलं. कॉम्प्युटरचं बोलणं मात्र वेगळ्या वळणाचं असतं. क्षणभर भडाभडा माहिती, मग बराच वेळ शुकशुकाट. त्याच्यासाठी वाट राखून ठेवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

१९६० च्या दशकात दोन माणसं एकमेकांना न विचारता एकाच उत्तरापाशी पोचली. अमेरिकेतल्या रँड संस्थेचे पॉल बॅरन यांना चिंता होती ती अणुहल्ल्यानंतर दळणवळण कसं टिकेल याची. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतले डोनाल्ड डेव्हिस यांना महागडे कॉम्प्युटर अनेकांना एकाच वेळी दुरून वापरता यावेत असं वाटत होतं. दोघांचं उत्तर एकच निघालं: मजकुराचे लहान लहान तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहा आणि सुटे सोडून द्या. या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिलं.

बांधणी नसलेली, सुट्या पानांची पोथी दूरवर पाठवायची आहे असं समजा. सगळी पोथी एकाच्या हाती न देता तुम्ही एकेक पान वाटेने जाणाऱ्या निरनिराळ्या लोकांकडे सोपवता. प्रत्येक पानावर क्रमांक आणि पत्ता असतो. सतरावं पान नवव्याच्या आधी पोचेल, एखादं वाटेतच भिजून जाईल. पलीकडचा माणूस पानं क्रमाने लावतो आणि ‘तेविसावं आलं नाही, पुन्हा पाठव’ असा निरोप धाडतो. पानं नेणारे कितीही बेभरवशाचे असोत, क्रमांक आणि निरोप यांच्या जोरावर पोथी पूर्ण होते.

एका पॅकेटमध्ये साधारण १,५०० बाइट मावतात. तीस लाख बाइटचा, म्हणजे तीन एमबीचा, एक फोटो पाठवला तर त्याची दोन हजारांहून जास्त पॅकेटं होतात. प्रत्येकावर कुठून आलं आणि कुठे जायचंय हे लिहिलेलं असतं. मधल्या यंत्राला तो फोटो आहे की पगाराचा तक्ता, याच्याशी देणंघेणं नसतं.

जाता जाता एक गैरसमज. इंटरनेटचा पूर्वज असलेलं ‘अर्पानेट’ अणुयुद्धात टिकावं म्हणून बांधलं होतं असं सर्रास सांगितलं जातं. बॅरन यांचा विचार त्या दिशेचा होता हे खरं, पण अर्पानेटचा हेतू बराच साधा होता: संशोधकांना एकमेकांचे कॉम्प्युटर दुरून वापरता यावेत. त्याची सुरुवातही काही युद्धसज्ज वगैरे नव्हती. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. त्यातली ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरं पोचली आणि यंत्रणा कोसळली.

पत्ता नेमका कोणाचा?

पॅकेटवर जो पत्ता असतो तो आयपी पत्ता. १९२.१६८.१.५ असा चार आकड्यांचा नमुना तुम्ही वायफायच्या सेटिंगमध्ये पाहिला असेल. हा पत्ता यंत्राला जन्मापासून चिकटलेला नसतो. तुम्ही ज्या नेटवर्कमध्ये शिरता ते नेटवर्क तुम्हाला तो तात्पुरता देतं. घरचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलात की पत्ता बदलला. त्याशिवाय प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क चिपला स्वतःचा एक क्रमांक असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. तो फक्त जवळच्या जवळ, म्हणजे तुमचा फोन आणि तुमचा राउटर (पॅकेटं पुढे ढकलणारं यंत्र, घरातला वायफायचा डबा त्यातलाच) यांच्यापुरता, कामाला येतो. राउटर ओलांडला की पुढच्या जगाला तो दिसतही नाही.

इथे एक रास्त शंका येते. माझ्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्या कुणाच्या घरीही नेमका तोच. मग माझं पॅकेट त्याच्याकडे कसं जात नाही?

हा घोळ जुन्या हिशेबातून आला. आयपी पत्त्याच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ अंकांचा, ठेवला होता. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. तेव्हा हा आकडा अवाढव्य वाटला, पण एकेका माणसाकडे तीन-चार यंत्रं येतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून झाले. त्याच्या बऱ्याच आधीपासून एक जुगाड रुळला होता. काही पत्ते ‘खासगी’ ठरवून टाकले, १९२.१६८ ने सुरू होणारे त्यातलेच. ते कुणीही आपापल्या घरात वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. बाहेर जाताना राउटर पॅकेटवरचा तुमचा खासगी पत्ता खोडून स्वतःचा पत्ता लिहितो आणि ‘हे अमक्या यंत्राने पाठवलं होतं’ अशी नोंद आपल्या वहीत ठेवतो. उत्तर आलं की वही बघून ते योग्य यंत्राकडे वळवतो. या पत्ताबदलीला ‘नॅट’ म्हणतात.

जुगाड म्हटलं खरं, पण त्यानेच इंटरनेटला अनेक वर्षं तारून नेलं. त्याचा तोटाही आहे. बाहेरचं यंत्र आपणहून तुमच्या घरातल्या यंत्राशी बोलायला आलं तर राउटरच्या वहीत त्याची नोंदच नसते, म्हणून तो ते पॅकेट टाकून देतो. घरातल्या कॅमेऱ्याला बाहेरून थेट जोडताना लोक हैराण होतात ते यामुळेच. कायमचा उपाय म्हणून १२८ बिटांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती आली आहे. तिच्यातले पत्ते संपण्याची चिंता करायला नको, फक्त जुनी सोडून सगळं जग तिच्याकडे यायला फार वेळ घेतंय.

रस्ता ठरवतं कोण?

कुणीच नाही, किंवा सगळे मिळून. पॅकेट निघताना त्याच्याजवळ नकाशा नसतो. तुमचा राउटर ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या राउटरकडे ढकलतो. तो पत्त्याचा सुरुवातीचा भाग बघतो, आपल्या तक्त्यात ‘अशा पत्त्यांसाठी त्या दाराने’ अशी ओळ शोधतो आणि पुढे ढकलतो. प्रत्येक राउटरला फक्त पुढचं पाऊल ठाऊक असतं, मुक्कामापर्यंतची वाट ठाऊक नसते. मोठ्या राउटरच्या तक्त्यात आज अशा सुमारे दहा लाख ओळी असतात.

तक्त्यांत चूक झाली आणि दोन राउटर एकमेकांकडेच बोट दाखवत बसले, तर पॅकेट गरागरा फिरत राहील. त्यावर तोड म्हणून प्रत्येक पॅकेटवर एक आकडा लिहिलेला असतो, बऱ्याचदा ६४. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट फेकून दिलं जातं. भटकत राहण्यापेक्षा मेलेलं बरं, कारण पाठवणारा दुसरं पाठवेलच.

हे तक्ते भरतं कोण, हा खरा कळीचा प्रश्न. इंटरनेट हे सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र नेटवर्कांचं कडबोळं आहे. त्यात टेलिफोन कंपन्या आहेत, विद्यापीठं आहेत, बँका आहेत, गूगल-फेसबुकसारखे बडे खेळाडू आहेत. प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्यांना सांगतं, ‘हे हे पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांची पॅकेटं माझ्याकडे द्या.’ शेजारी ते ऐकून आपल्या शेजाऱ्यांना सांगतात. या घोषणांच्या पद्धतीला बीजीपी म्हणतात. एखादी केबल तुटली की त्या वाटेच्या घोषणा मागे घेतल्या जातात, राउटर आपल्या तक्त्यातली दुसरी वाट निवडतात. हे कुणा माणसाने बटण न दाबताही होतं. तांबड्या समुद्रात केबल तुटूनही नेट चालू राहिलं ते या बळावर. दुसऱ्या वाटा लांबच्या होत्या आणि त्यांच्यावर आधीच गर्दी होती, म्हणून ते संथ झालं.

या पद्धतीचा पाया मात्र विश्वास आहे, आणि तो कधी कधी दगा देतो. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायला सांगितलं. पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशापुरती ‘यूट्यूबचे पत्ते माझ्याकडे’ अशी खोटी घोषणा केली, म्हणजे ती पॅकेटं आपल्याकडे येतील आणि आपण ती टाकून देऊ. ती घोषणा चुकून देशाबाहेर निसटली. पलीकडच्या मोठ्या कंपनीने तपासणी न करता ती पुढे सांगितली, आणि जगातली यूट्यूबची बरीच वाहतूक दोनेक तास पाकिस्तानच्या दिशेने जाऊन गडप झाली. आता घोषणांवर डिजिटल शिक्का मारून खरंखोटं तपासण्याची सोय आली आहे आणि बरीच मोठी नेटवर्कं ती वापरतात, पण सगळी नाहीत.

मधल्यांची हमी नाही, मग फाइल अख्खी कशी येते?

माझ्या दृष्टीने ही या सगळ्या रचनेतली सर्वांत सुंदर जागा आहे, म्हणून जरा रेंगाळू.

राउटरकडे एकाच वेळी फार पॅकेटं आली तर तो काही रांगेत ठेवतो आणि रांग भरली की उरलेली सरळ फेकून देतो. तो माफी मागत नाही, बहुधा कळवतही नाही. तरीही तुम्ही उतरवून घेतलेल्या फाइलमधला एक बाइटसुद्धा इकडचा तिकडे होत नाही. ही किमया टीसीपी नावाच्या नियमावलीची. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये तिचा पाया मांडला आणि १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट तिच्यावर आलं. ही नियमावली राउटरमध्ये चालत नाही. ती तुमच्या फोनमध्ये आणि सर्व्हरमध्ये चालते.

सुरुवातीला फोन सर्व्हरला हाक मारतो, सर्व्हर ‘ऐकतोय, तुला मी ऐकू येतोय ना?’ म्हणतो, फोन ‘येतोय’ म्हणतो. या तीन निरोपांनंतर माहिती वाहू लागते. प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. मिळालेल्या भागाची पोच दिली जाते. ठरावीक वेळात पोच आली नाही, किंवा मधलाच भाग गहाळ असल्याचं दिसलं, की पाठवणारा तेवढाच भाग पुन्हा पाठवतो.

पण एका गोष्टीचा अंदाज सुरुवातीला नीट आला नव्हता. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातली जोडणी अचानक मरगळली. दोन ठिकाणांमधलं अंतर जेमतेम ४०० यार्ड. सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग घसरून ४० बिटांवर आला. कारण असं, की गर्दीमुळे पॅकेटं गळत होती, गळली म्हणून यंत्रं ती पुन्हा पाठवत होती, त्याने गर्दी आणखी वाढत होती. सगळे आपापल्या परीने बरोबर वागत होते आणि सगळे मिळून नेटवर्क बुडवत होते.

व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स यांनी त्यावर काढलेला तोडगा आजही मूळ कल्पनेत तसाच आहे. सुरुवात हळू करा. पोच येत राहिली तर वेग वाढवत जा. पॅकेट गळलं तर पुढे गर्दी आहे असं समजा आणि वेग झटकन खाली आणा. हळूहळू वाढवायचं आणि धोका दिसताच पटकन मागे यायचं. जगभरची अब्जावधी यंत्रं, एकमेकांना न ओळखता, कुणी वाहतूक-पोलीस नसताना हा नियम पाळतात. मोठी फाइल उतरवताना वेगाचा आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली होताना दिसतो, त्यात बिघाड बहुधा काहीच नसतो. टीसीपी वाट किती रुंद आहे ते चाचपून बघत असते.

प्रत्येक कामाला मात्र एवढी काटेकोरी परवडत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये दोन सेकंदांपूर्वी गळलेला शब्द आता पुन्हा आणून उपयोग काय? अशा कामांना यूडीपी नावाची साधी पद्धत वापरतात. तिच्यात पोच नाही, क्रम लावणं नाही. गेलं ते गेलं, पुढे चला. कॉलवर कुणाचा आवाज मध्येच तुटतो आणि लगेच पुढचं वाक्य ऐकू येतं, ते असं.

नाव ठाऊक, पत्ता कुठे शोधायचा?

आपण ब्राउझरमध्ये नाव लिहितो आणि पॅकेटला लागतो आकडा. सुरुवातीच्या काळात ही सगळी नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये होते. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती फाइल सांभाळली जायची आणि सगळे ती उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ही तऱ्हा आवरेनाशी झाली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी वाटून दिलेली व्यवस्था मांडली, ती म्हणजे डीएनएस.

इथेही कुणा एकाला सगळं माहीत नसतं. सगळ्यात वरचे ‘रूट’ सर्व्हर फक्त एवढंच सांगतात की ‘डॉट कॉम’ची नोंद कुणाकडे आहे. डॉट कॉमवाले सांगतात की अमुक कंपनीच्या नावांची माहिती तिच्याच कुठल्या सर्व्हरकडे मिळेल. शेवटी तो सर्व्हर पत्ता सांगतो. मिळालेलं उत्तर काही वेळ साठवून ठेवतात, म्हणून दर वेळी एवढी पायपीट होत नाही. रूट सर्व्हर जगात फक्त तेरा आहेत असं वाचून कुणी घाबरतं. तेरा ही त्यांच्या नावांची संख्या आहे, त्या नावांनी चालणारी प्रत्यक्ष यंत्रं हजाराहून जास्त, जगभर पसरलेली आहेत.

आता फेसबुकचं कोडं सुटतं. कंपनीने नंतर जे सांगितलं त्यानुसार, देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांना, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या इमारतींना, जोडणारं अंतर्गत नेटवर्कच तोडून टाकलं. अशी आज्ञा रोखणारं साधन होतं, पण त्यातच दोष होता. पुढचं खरं मजेशीर आहे. त्यांच्या डीएनएस सर्व्हरना शिकवून ठेवलं होतं की डेटा सेंटरशी बोलणं जमत नसेल तर आपल्यातच काही बिघाड आहे असं समजा आणि आपल्या पत्त्यांची बीजीपी घोषणा मागे घ्या. एखादाच सर्व्हर बिघडला तर हा नियम उत्तम. त्या दिवशी सगळ्यांनी एकदमच घोषणा मागे घेतल्या. सर्व्हर चालू, केबल चालू, पण ते कुठे आहेत हे सांगणारं जगात कुणी उरलं नाही. कंपनीची आतली साधनंही त्याच व्यवस्थेवर अवलंबून असल्याने दुरुस्तीसाठी अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये जाऊन यंत्रांपुढे उभं राहावं लागलं, आणि तिथली सुरक्षा कडक असल्याने त्यातही वेळ गेला.

तार तुटली तर दुसरी तार असते. पण माहितीच चुकीची असेल तर ती सगळ्या तारांवरून सारख्याच वेगाने पसरते.

मोठा प्लॅन घेतला, तरी कॉल का अडखळतो?

नेट म्हटलं की सगळे ‘स्पीड’ विचारतात. त्या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एका सेकंदात किती माहिती वाहू शकते ती झाली क्षमता. जाहिरातीतला एमबीपीएसचा आकडा तोच. एक पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ती लेटन्सी. प्लॅन वाढवला की क्षमता वाढते. लेटन्सी बहुधा होती तिथेच राहते.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटर दूर असेल तर जाऊन यायला किमान १०० मिलीसेकंद लागणारच, तेही वाट सरळ असेल आणि कुठे थांबावं लागलं नाही तर. एक पान उघडताना डीएनएस, टीसीपीची हाक, मग मजकूर कुलूपबंद करण्यासाठी कुलूपकिल्लीची बोलणी, असे अनेक हेलपाटे होतात आणि प्रत्येकाला हा वेळ द्यावा लागतो. म्हणून मोठ्या कंपन्या आपल्या व्हिडिओच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर आणून ठेवतात. अंतर कमी करणं हाच तिथे खरा इलाज आहे.

‘मग सॅटेलाइटने का नाही पाठवत सगळं?’ असं हमखास विचारलं जातं. पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. प्रश्न वर-खाली आणि उत्तर वर-खाली मिळून जवळपास अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात जातो. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांनी हा वेळ पुष्कळ कमी केला आहे आणि दुर्गम जागी त्यांना तोड नाही. पण एका केबलमधून जितकी माहिती जाते तिच्यापुढे त्यांची क्षमता तोकडी आहे. खंडांमधला जवळपास सगळा डेटा आजही समुद्राखालून जातो, खोल पाण्यात जेमतेम दोन सेंटीमीटर जाडीच्या केबलमधून. जगभरात दर वर्षी दीडशे ते दोनशे वेळा त्यांना इजा होते. दोष बहुतेकदा मासेमारीच्या जाळ्यांचा आणि जहाजांच्या नांगरांचा. शार्कला उगीच बदनाम केलंय.

आणखी एक हिशेब. प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो, फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. ३०० एमबीपीएसचा प्लॅन असला तर सेकंदाला फार तर ३७.५ एमबी उतरतील. यात फसवणूक नाही, पण आकडा मोठा दिसतो हे कंपन्यांना आवडतं एवढं नक्की.

बहुतेक वेळा घरातल्या संथपणाचं मूळ प्लॅनपेक्षा वायफायमध्ये असतं. हवा सगळ्यांची एकच. एका चॅनेलवर एक यंत्र बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, त्यात शेजारच्यांची वायफायही आली. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी जाते पण तिथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झवर मोकळीक जास्त पण भिंती तिला लवकर अडवतात. एका जागी ठेवलेल्या टीव्हीला किंवा कॉम्प्युटरला वायर लावणं शक्य असेल तर लावाच. मोठ्या प्लॅनपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

मधली यंत्रं माझं वाचतात का?

एवढ्या परक्यांच्या हातून पॅकेटं जातात म्हटल्यावर ही भीती साहजिक आहे. पूर्वी ती खरीही होती. आज बहुतेक वेबसाइट एचटीटीपीएस वापरतात, म्हणजे मजकूर तुमच्या यंत्रातच कुलूपबंद होतो आणि पलीकडच्या सर्व्हरवरच उघडतो. मधल्या यंत्रांना तुमचा पासवर्ड किंवा संदेश दिसत नाही. तुम्ही कुठल्या सर्व्हरशी, किती वाजता, किती वेळ बोललात हे मात्र त्यांना दिसतं, आणि बहुधा साइटचं नावही कळतं. पत्ता झाकला तर पॅकेट पोचणारच नाही, त्यामुळे हे पूर्णपणे लपवणं कठीण.

व्हीपीएन घेतलं की सुटलो, असं जाहिराती सांगतात. व्हीपीएन एवढंच करतं की तुमची सगळी पॅकेटं कुलूप लावून आधी स्वतःकडे नेतं आणि तिथून पुढे सोडतं. नेट देणाऱ्या कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. फुकट व्हीपीएनवाल्यांना त्यातून काय मिळत असेल, याचा विचार वापरण्याआधी करावा. ब्राउझरमधल्या सुरक्षित जोडणीच्या खुणेबद्दलही असाच गैरसमज आहे. वाटेत कुणी वाचत नाही एवढीच ग्वाही ती देते. पलीकडे बसलेला भामटा नाही, याची नाही.

‘नेट नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

वायफायच्या रेघा पूर्ण आहेत आणि तरी काही उघडत नाही, अशा वेळी लोक रेघांवर चिडतात. त्या रेघा तुमचं यंत्र आणि राउटर यांच्यातल्या लहरींचा जोर दाखवतात. राउटरच्या पुढे काय चाललंय हे त्यांना ठाऊक नसतं.

म्हणून तपासणी जवळून लांब करत जायची. कॉम्प्युटरवर ‘पिंग’ ही आज्ञा देऊन आधी राउटरच्या पत्त्याला हाक मारा. उत्तर आलं नाही तर घोळ घरातच आहे. आलं तर बाहेरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारा, गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा ८.८.८.८ हा पत्ता लक्षात ठेवायला सोपा आहे. तिथून उत्तर येत नसेल तर अडचण बहुधा नेट देणाऱ्या कंपनीकडे आहे आणि राउटर पुन्हा पुन्हा चालू-बंद करून फारसं हाती लागणार नाही. तिथून उत्तर येतंय पण नावाने काहीच उघडत नाही, तर डीएनएसवर संशय घ्या. सेटिंगमध्ये डीएनएसचा पत्ता बदलून बघता येतो. आणि सगळं चालतंय, एकच साइट रुसली आहे, तर बिघाड तिच्याकडचा. तुम्ही करण्यासारखं काही नाही.

वाट कुठे अडली हे बघायला ‘ट्रेसरूट’ नावाचं साधन आहे. पॅकेटवरच्या त्या कमी होत जाणाऱ्या आकड्याचा ते चलाखीने वापर करतं. पहिल्या पॅकेटवर १ लिहितं, म्हणजे ते पहिल्याच राउटरपाशी मरतं आणि तो राउटर तसं कळवतो; मग २, मग ३. असं करत वाटेवरचा एकेक राउटर उजेडात येतो. मधल्या काही ओळींत नुसत्या चांदण्या (*) दिसल्या तर लगेच कंपनीला फोन लावू नका, कारण पुष्कळ राउटर अशा चौकशांना मुद्दाम उत्तर देत नाहीत. शेवटच्या ओळीत मुक्कामाचा पत्ता दिसत असेल तर वाट शाबूत आहे.